रिगोचं पिवळं बोट

"सेन्योरा, हे धुतल्यावर निघेल ना?"

रिगोनं उजव्या हाताचं मधलं बोट माझ्या नाकासमोर धरलं आणि मी छातीठोकपणे सांगितलं, "निघेल की! साबणानं घास, काही राहत नाही."

लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन्ही वेळचा स्वयंपाक हातचा, नखाला लागलेली हळद चार-चार दिवस जात नाही हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण समोरचा सहा फुटी माणूस इतका कावराबावरा झाला होता की 'निघेल'खेरीज दुसरा शब्द तोंडातून निघेना. त्या एका शब्दानं पुढं काय रामायण घडवलं, ते आठवलं की मला अजूनही आधी घाम फुटतो आणि मग हसू.

ही गोष्ट ब्याऐंशी सालची, व्हेनेझुएलातली. आमचे हे तिथल्या समुद्रकाठच्या एका तेल कारखान्यात तीन वर्षांच्या करारावर रसायन विभागाचे इंजिनियर होते. गावाचं नाव पुन्ता ब्लांका. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि खाली घरमालकीण दोन्या ओतिलिया आणि तिचा मुलगा रिगोबेर्तो, म्हणजे रिगो. दोन्या ओतिलिया बोलायला लागली की वाऱ्यालाही थांबून ऐकावं लागे. मला तिच्यामुळंच मोडकंतोडकं स्पॅनिश आलं, आणि त्यातलं निम्मं शिव्यांचं होतं हे फार उशिरा कळलं.

रिगो गावच्या पेलिकन संघात बेसबॉल खेळायचा. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. रिगो बदली पिचर. म्हणजे पहिला पिचर दमला किंवा त्याची धुलाई सुरू झाली, की मॅनेजर मैदानात तरातरा चालत जातो, त्याच्या हातातला चेंडू काढून घेतो आणि कडेला बसलेल्या बदलीवाल्याला बोलावतो. तोवर हा बापडा दोन-अडीच तास बाकावर बसून शेंगदाणे सोलत असतो. दुसऱ्यानं सांडून ठेवलेलं निस्तरायचं, हाच त्याचा पेशा. रिगोनं तो अकरा वर्षं केला होता. वय झालं होतं चौतीस.

आमच्या ह्यांचं क्रिकेट म्हणजे जीव की प्राण. "ज्या खेळात बॅट मुसळासारखी गोल, तो कसला खेळ?" असं ते दर रविवारी म्हणायचे आणि दर रविवारी माझ्या आधी बूट घालून तयार असायचे.

त्या वर्षी डिसेंबरात रिगोच्या बोटाच्या टोकाला फोड आला. वळणारा चेंडू टाकताना शिवण नेमकी तिथंच घासते. फोड फुटला, कातडं सोललं. डॉक्टर म्हणाला, दहा दिवस चेंडूला हात लावायचा नाही. त्या दिवशी गुरुवार होता आणि साखळीतला शेवटचा सामना रविवारी दुपारी.

"मॅनेजरला सांगून टाक ना," मी म्हटलं.

"सांगितलं की संपलं, सेन्योरा."

मग त्यानं मला कागदाची गोष्ट सांगितली. शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर साल्सेदो खेळाडूंच्या खोलीच्या दारावर एक कागद डकवायचा. पुढच्या फेरीसाठी ठेवलेल्या माणसांची नावं त्यात असत. ज्याचं नाव नाही, त्यानं मुकाट्यानं बॅग भरायची. निरोप नाही, भाषण नाही, कुणी डोळे वर करूनसुद्धा बघायचं नाही, अशी तिथली रीत. चौतिशीतल्या माणसाचं नाव एकदा गळलं की ते पुन्हा कुठल्याच कागदावर येत नसे.

"मला जन्मभर खेळायचं नाहीये," रिगो म्हणाला. "पण दारासमोर उभं राहून आपलं नाव शोधणारी माणसं मी बघितलीत. वरून खाली वाचतात, मग परत खालून वर वाचतात. मला तसं जायचं नाही. जायचं तर मी ठरवून जाईन."

आई आजारी आहे असं साल्सेदोला सांगून त्यानं सराव चुकवला. त्यामुळं दारावर टकटक झाली की धडधाकट दोन्या ओतिलिया पळत जाऊन पलंगावर आडवी व्हायची आणि कण्हायला लागायची. एकदा तर पाववाला आला तरी ती कण्हली. तिनं मुलाच्या बोटावर मीठ-लिंबू लावलं, लोणच्याचं पाणी लावलं, मेणबत्ती लावली. ती बोटावर नाही, देवासमोर. बोट मात्र चिडलं होतं तसंच.

मला राहवेना. जखम दिसली की आपला हात कुठल्या डब्याकडं जातो? मी वर गेले, तूप कोमट केलं, त्यात चांगली चमचाभर हळद कालवली आणि त्या बोटाला लेप थापला. असं सकाळ-संध्याकाळ तीन दिवस. रविवारी सकाळी फडकं सोडलं तर जखम अशी सुकलेली की दोन्या ओतिलियानं माझे दोन्ही गाल धरून मुके घेतले.

बोट मात्र पिवळंजर्द होतं, आणि तेव्हाच रिगोनं तो प्रश्न विचारला.

त्यानं कपड्याच्या साबणानं बोट खसाखसा घासलं आणि एकदम किंचाळला, "रक्त!"

बोट लालभडक झालं होतं. मी हसत सुटले. "अरे, हळदीला साबण लागला की ती लाल होते. आमच्याकडं साडीवर डाग पडला की हीच गंमत."

"मग आता?"

"आता काही नाही. लाल बोट लाल बोटासारखंच दिसतं. जा तू."

आणि तो गेला.

सामना पेलिकनला जिंकावाच लागणार होता. मैदान गच्च भरलेलं. पुढच्या रांगेत मी, आमचे हे आणि अचानक ठणठणीत बरी झालेली दोन्या ओतिलिया. खेळ चढत-उतरत शेवटच्या डावापर्यंत आला. आम्ही एका धावेनं पुढं. त्यांचा एकच गडी बाद करायचा राहिला होता, पण तिन्ही ठाण्यांवर त्यांची माणसं उभी. गडी बाद झाला तर आम्ही जिंकलो. एक फटका बसला तर हरलो. साल्सेदोचे बाकीचे बदली पिचर वापरून झाले होते. तो मैदानात चालत गेला, पिचरच्या हातातला चेंडू घेतला आणि कडेच्या बाकाकडं बघून हात वर केला.

"माझा रिगो," दोन्या ओतिलिया म्हणाली आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. अकरा वर्षांत तिनं त्याला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. ती मैदानात यायची, तो आला की डोळे मिटायची आणि मला विचारत राहायची.

रिगो आला. जमिनीवर राळेची पुरचुंडी ठेवलेली असते, हात घसरू नये म्हणून पिचर ती चोळतात. त्यानं ती दोन-तीनदा चोळली, कपाळावरचा घाम पुसला आणि चेंडू फेकला. बॅटरनं तो सोडला, पण लगेच हात वर करून पंचाला काहीतरी सांगितलं. पंचानं बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरकडून तो मागवला, डोळ्यांजवळ नेला आणि दोन्ही हात उंचावून खेळ थांबवला.

पांढऱ्या चेंडूवर पिवळा ठसा उमटला होता.

"काय झालं?" दोन्या ओतिलियानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. 

बेसबॉलमध्ये चेंडूला काहीही फासणं म्हणजे महापाप. तेल, मेण, काहीही असो, चेंडू वेडावाकडा वळतो. सापडला की पिचर मैदानाबाहेर, आणि वर दहा सामन्यांची बंदी. समोरचा मॅनेजर नाचतच आत आला. "रंग बदलतोय त्याच्या बोटाचा! मघाशी चेंडू घेताना लाल होतं, आता पिवळं झालंय! काय औषध फासलंय बघा!"

मैदान घोंगावायला लागलं. पंच रिगोचं बोट उलटंसुलटं करून पाहत होता. रिगो मान खाली घालून उभा होता. तो काय सांगणार? खरं सांगितलं तर जखम उघडी पडते, नाही सांगितलं तर लबाड ठरतो.

मी उठले. ह्यांचा दंड धरला. "चला."

"कुठं?"

"आत. त्या पंचाला सांगायला."

"अगं, वेड लागलं का? मैदानात कसं जायचं? हळदीकुंकवाला निघालीस का?"

"हो," मी म्हणाले. "हळदीकुंकवालाच निघाले. तुम्ही रसायनवाले ना? मग चला मुकाट्यानं."

फाटकावर दोन्या ओतिलियाचा मावसभाऊ होता, त्यानं काही न विचारता कडी काढली. गुलबक्षी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मागून कोट सावरत येणारे आमचे हे. चार हजार माणसांनी अशी शिट्टी वाजवली की अकोल्याच्या टॉकीजमध्येही मी तशी ऐकली नव्हती.

पंच आठवडाभर गावच्या शाळेत शिकवायचा आणि रविवारी पंचगिरी करायचा. सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्यानं छडी उगारावी तसं बोट उगारलं. "सेन्योरा, बाहेर!"

"मास्तर, ते औषध नाही, स्वयंपाकाची पूड आहे," मी सांगितलं. "मी दाखवते. मग खुशाल हाकला."

मैदानावर पांढऱ्या रेघा आखलेल्या होत्या चुन्याच्या. मी वाकून चिमूटभर चुना उचलला, थुंकीनं ओला केला आणि जखम चुकवून रिगोच्या नखाच्या कडेला चोळला. पिवळी कड लालबुंद झाली. मास्तरांच्या भुवया वर गेल्या.

"लिंबू!" हे एकदम ओरडले. आता त्यांच्यातला इंजिनियर जागा झाला होता. "कुणाकडं लिंबू आहे का?"

तळलेले मासे विकणाऱ्यानं लिंबाची फोड फेकली. ह्यांनी ती झेलली. क्रिकेटच्या जन्मात त्यांनी असा झेल घेतला नव्हता. लिंबू लावलं, आणि लाल कड पुन्हा पिवळी!

"चुना लागला की लाल, आंबट लागलं की पिवळी," हे घाईघाईनं समजावत होते. "साबण चुन्यासारखा. राळ आणि घाम लिंबासारखे. म्हणून मघाशी लाल आणि आता पिवळं. ह्यात चेंडू वळवणारं काही नाही, मास्तर."

"आणि हे बघा," मी कपाळाकडं बोट दाखवलं. "आमच्या देशात ह्याच पुडीत चुना घालून हे करतात. बायका रोज लावतात. आम्ही काय चेंडू फेकतो का?"

मास्तर हसू दाबत होते. "परत करून दाखवा," ते म्हणाले. आम्ही परत केलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं केलं आणि समोरच्या मॅनेजरलाही वाकवून दाखवलं.

"ठीक," मास्तर म्हणाले. "लबाडी नाही. पण सेन्योरा, स्वयंपाकघरातली पूड ह्याच्या बोटावर गेलीच कशी?"

आणि मी, शहाण्यांची शिरोमणी, अभिमानानं म्हणाले, "जखमेसाठी! तीन दिवसांत सुकवली मी!"

माझ्या मागं साल्सेदो कधी येऊन उभा राहिला होता, ते मला दिसलंच नव्हतं. रिगोनं डोळे मिटले. ह्यांनी मराठीत एवढंच म्हटलं, "कुमुद, झालं वाटोळं."

"कसली जखम?" साल्सेदोनं विचारलं.

साल्सेदोनं रिगोचा हात धरला, बोट बघितलं. मग मान वळवून पुढच्या रांगेत डोळे मिटून बसलेल्या दोन्या ओतिलियाकडं बघितलं.

"तुझी आई बरी दिसते."

"दारावर काय लावायचं ते उद्या लाव," रिगो हलक्या आवाजात म्हणाला. "पण आत्ता मला इथून चालत नेऊ नकोस."

माझे डोळे भरून आले. आयुष्यात मला स्वतःच्या जिभेचा इतका राग कधी आला नव्हता. साल्सेदो खांदे उडवून म्हणाला, "नेऊन करू काय? बाकावर आता पाणीवाला आणि मीच उरलोय." आणि तो परत गेला.

मास्तरांनी खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल काढला. "जखम असो नसो, नियम म्हणजे नियम. बोटावरून रुमाल पांढरा निघाला पाहिजे. तरच चेंडू."

"दारूनं निघेल," हे म्हणाले. "कडक पाहिजे."

हे वाक्य त्या गावात मोठ्यानं उच्चारायची खोटी होती. रमच्या निदान वीस बाटल्या जाळीवरून पुढं आल्या. रिगोनं दात आवळले आणि ह्यांनी जखमेच्या बोटावर रम ओतली. तो जो ओरडला, त्यात मी दोन्या ओतिलियानं शिकवलेले सगळे शब्द ओळखले. पहिल्यांदा रुमाल पिवळा, दुसऱ्यांदा फिकट पिवळा, तिसऱ्यांदा पांढरा. मास्तरांनी तो उंच धरून चारी बाजूंना दाखवला, पहिला चेंडू रद्द केला आणि आम्हाला हाकललं.

"काय चाललंय?" दोन्या ओतिलियानं विचारलं.

"तुमचा मुलगा फेकतोय," मी म्हणाले. "डोळे उघडा ना आता!"

"नाही उघडत."

रिगोचं बोट इतकं जळत होतं की त्याला ते चेंडूला टेकवताच येईना. तिथूनच तर त्याची सगळी करामत निघायची. त्यानं मधलं बोट वर उचललं, चेंडू तळहातात कोंबला आणि उरलेल्या बोटांनी नुसता सोडून दिला. हात तोच, झपाटा तोच, पण चेंडू आला रेंगाळत, जराही न फिरता, आणि बॅटरच्या पुढ्यात येऊन धपकन खाली बसला. बॅटरनं त्याच्या कितीतरी आधी बॅट फिरवली होती. तो स्वतःभोवती गिरकी घेऊन गुडघ्यावर आला.

"एक," मी म्हणाले. अशी तीनदा बॅट हवेत फिरली की गडी बाद.

बॅटर चिडला. पुन्हा तसाच चेंडू, पुन्हा हवेत बॅट.

"दोन."

तिसऱ्या चेंडूला तो शहाणा झाला. थांबून राहिला, पण चेंडू फारच बाहेर गेला. चौथ्या वेळी रिगोनं हाताचा घाम पँटला पुसला, बोट उचललं आणि चेंडू फेकला. बॅटर थांबला, थांबला, मग त्याला राहवलं नाही आणि तिसऱ्यांदा बॅट हवेत फिरली. मी ओरडायच्या आधीच आमचे हे, गोल बॅटला नावं ठेवणारे आमचे हे, बाकावर चढून नाचत होते.

दोन्या ओतिलियानं डोळे उघडले तेव्हा सगळा संघ तिच्या मुलाच्या अंगावर पडला होता आणि तो बिचारा एकच हात गर्दीच्या वर धरून "बोट! बोट!" म्हणून ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद बघायला गेला. मी आणि दोन्या ओतिलिया उंबऱ्यात बसून राहिलो. मी तिला माझी चूक सांगितली. ती म्हणाली, "गप गं," आणि माझा हात तिनं सोडला नाही. तासाभरानं तो परत आला, एकटा नाही, बरोबर साल्सेदो. साल्सेदोनं टोपी काढली आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "नाव लावलंय. दहा दिवस चेंडूला हात नाही. आणि तुम्ही सांगाल त्या दिवशी मला तो चेंडू पुन्हा बघायचाय, शांतपणे, रमशिवाय." मग खुर्चीवर बसून त्यानं पँटचा पाय वर केला. "आणि सेन्योरा, ही पूड गुडघ्याला चालते का?"

तो न फिरणारा चेंडू पुढं रिगोची भाकरी झाला. चौतिसाव्या वर्षी संपत आलेला माणूस बोट उचलून चेंडू फेकायला शिकला आणि खेळत राहिला. त्या चेंडूला गावानं नाव दिलं 'पिवळी'. बॅटर गिरकी खाऊन पडला की सगळं मैदान ओरडायचं, पिवळी, पिवळी! आमचा करार दोन वर्षांनी संपला. निघताना मी दोन्या ओतिलियाला अख्खा डबा हळद दिली, आणि दोघीही ढसाढसा रडलो.

एकोणनव्वद सालच्या डिसेंबरातली सकाळ. अकोल्यात आमच्या घरी नुकताच फोन बसला होता आणि नंबर मी दोन्या ओतिलियाला पत्रानं कळवला होता. मी पाणी भरत होते. घंटी वाजली आणि कानात समुद्रासारखी घरघर झाली. त्या घरघरीतून आवाज आला, "सेन्योरा कुमुद?"

पाच वर्षांनी तो आवाज ऐकत होते. स्पॅनिश आठवता आठवेना. "रिगो! कसा आहेस? आई कशी आहे?"

"आई इथंच आहे. सेन्योरा, आज मी थांबलो."

"काढलं रे तुला?"

"नाही, नाही. ऐका ना. आठवा डाव होता. दोन गडी मी बाद केले होते, हात छान चालत होता. अन् मला एकदम वाटलं, बास. मी मॅनेजरला हात केला. तो पळत आला, दुखलं का म्हणाला. मी म्हटलं, काही दुखत नाही. चेंडू त्याच्या हातात दिला आणि चालत आलो. सगळे उभे राहिले होते, सेन्योरा. अख्खं मैदान. आणि आईनं ते बघितलं. डोळे उघडे ठेवून बघितलं."

नळ वाहत होता, बादली भरून पाणी मोरीत चाललं होतं.

हे पेपर घेऊन दारात येऊन उभे राहिले. "कोण? रिगो? काय म्हणतो? काढलं का त्याला?"

"नाही हो," मी म्हणाले. "स्वतः चालत आला."

ह्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना अजून आठवत असलेल्या चार स्पॅनिश शब्दांत ते त्याच्याशी बराच वेळ बोलत राहिले.